साडूचं विमान आणि माझी उष्टी कॉफी

माझी नजर वाईट आहे, हे माझ्या सासुरवाडीत लहानथोर सगळ्यांना माहीत आहे. (मलाही माहीत आहे, पण मी ते मान्य करत नाही.)

सुरुवात पिकअपपासून झाली. लग्नाला वर्ष झालं होतं आणि सासऱ्यांनी नवीकोरी पिकअप घेतली होती. जावई म्हणून चार शब्द बरे बोलावेत, एवढ्या भाबड्या हेतूनं मी म्हणालो, "काका, टायर काय दणकट आहेत हो!" पुढं ‘माशाल्लाह’ म्हणायचं राहून गेलं. आता आमच्या कुवेतमध्ये दुसऱ्याच्या चांगल्या वस्तूकडे बघून माशाल्लाह न म्हणणं म्हणजे गवताच्या गंजीत पेटती काडी टाकून "मी काय केलं?" असं विचारणं. संध्याकाळपर्यंत चारातले दोन टायर बसले. पुढच्या वर्षी सासूबाईंची शेळी. तिला मी फक्त "दूध बरं देते" म्हणालो होतो. तिनं दूध बंद केलं ते केलंच, वर मी दिसलो की ती तंबूमागे जाऊन उभी राहायची.

तेव्हापासून सासूबाई माझी उष्टी कॉफी साठवतात. हा त्यावरचा उतारा. ज्याची नजर लागली त्याच्या कपात उरलेली कॉफी त्या वस्तूवर शिंपडायची, की नजर उतरते. इतर घरांत असा प्रसंग कधीमधी येतो, आणि आला तरी पाहुण्याला कळू न देता हळूच कप उचलतात. आमच्या सासूबाईंनी बाटलीच भरून ठेवली आहे. फ्रीजमध्ये, लिंबाच्या रसाशेजारी, वर माझ्या नावाची चिठ्ठी डकवून: ‘मुसाअद’. काकांच्या पिकअपचं दार उघडलं की आतून मला माझाच वास येतो. (कॉफीतल्या वेलदोड्याचा.)

हेही मी गिळलं असतं. पण तलाल आला.

तलाल म्हणजे माझा साडू. माझी बायको लुलवा, तिची धाकटी बहीण हुस्सा, तिचा हा नवरा. उंच, दात सरळ, डोक्यावरचा रुमाल इस्त्रीतून आत्ताच काढल्यासारखा. मी नगरपालिकेत कारकून, तो विमानतळावर कसलासा अधिकारी. तो घरात आला की सासूबाई उशी पुढं सरकवतात. मी आलो की काचेच्या वस्तू मागं सरकवतात. तरी मी म्हणायचो, जाऊ दे, नवा जावई आहे, नव्याची नवलाई नऊ दिवस. त्या नवलाईला यंदा पाचवं वर्ष लागलं.

थंडी पडली की आमचं सगळं गोत वाळवंटात तंबू ठोकतं आणि दर शुक्रवार तिथंच काढतं. यंदा पहिल्याच शुक्रवारी तलालनं गाडीतून एक विमान काढलं. रिमोटवर उडणारं, माझ्या दोन्ही हातांच्या पसाऱ्याएवढे पंख, पांढरंशुभ्र, पोटावर लाल पट्टा. त्यानं ते वाळूवर ठेवलं, अंगठा हलवला, आणि ते भुर्रकन वर गेलं. मग कोलांटी. मग उलटं. मग उलटं असतानाच तंबूवरून. आमचे सासरे गेली कित्येक वर्षं टीव्हीच्या वर काही बघत नाहीत, त्यांनी मान इतकी मागं टाकली की डोक्यावरच्या रुमालाची काळी कडी वाळूत पडली.

"माशाल्लाह!" सगळे एका आवाजात ओरडले.

"बरं आहे," मी म्हणालो.

सासूबाई दुसऱ्या क्षणाला माझ्या शेजारी. "जावईबापू, कॉफी घ्या ना थोडी. सगळी संपवू नका हं."

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला होता. पोटात कुणी मिरच्या वाटत होतं. मला विमानाची हौस नव्हती हो. मला ती वर गेलेली डोकी हवी होती. एकवीस वर्षं मी ह्या घरचा जावई, आणि एकवीस वर्षं मीच सगळ्यांवर जळत आलो. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझ्यावर जळायला हवं होतं.

परतताना गाडीत लुलवा गप्प.

"काय झालं?"

"काही नाही."

"सांग की."

"तलालनं विमानाच्या पंखावर हुस्साचं नाव लिहिलंय."

"मग? मी नाही का तुझं नाव लिहिलं?"

"कशावर?"

"गॅसच्या सिलिंडरवर."

ती घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. (सिलिंडर शेजाऱ्यांच्यात मिसळू नये म्हणून लिहिलं होतं, पण लिहिलं होतं ना?)

त्याच आठवड्यात मी ठरवलं, आपण विमान उडवायला शिकायचं. गुपचूप. विमान माझ्याकडे नव्हतं आणि घ्यायची इच्छाही नव्हती. पण कचेरीतल्या एका पोरगेल्या सहकाऱ्यानं सांगितलं की हल्ली शिकणारे आधी कॉम्प्युटरवरच उडवतात. खोट्या मैदानात खोटं विमान, पण बोटं खरी. आणि त्यातलं एक सॉफ्टवेअर चक्क फुकट मिळतं. फुकट हा शब्द ऐकल्यावर मी दुसरं काही ऐकत नाही, हा माझा जुना आजार आहे.

आमचा मुलगा सऊद शिकायला बाहेरगावी गेला तेव्हा त्याचा गेम खेळायचा कंट्रोलर कपाटात टाकून गेला होता. तो मी जोडला. पडद्यावर हिरवंगार कुरण आलं, डावीकडे लाल छपराचं एक गोदाम, मधोमध एक जनावर. माझ्या मते ती म्हैस होती. चित्र फुकटचं, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नव्हतं. मैदान तेवढं एकच. बाकीची हवी असतील तर पैसे भरा. वारासुद्धा पैसे भरून मिळत होता. मी म्हटलं, वारा विकत घ्यायला मी काय वेडा आहे? आमच्याकडे ढिगानं आहे.

पहिलं विमान चार सेकंदांत पडलं. दुसरं तीन. पण त्यात एक सोय होती. बटण दाबलं की नवंकोरं विमान हजर, ना शेजारी हसायला, ना सासूबाई बाटली घेऊन. रोज दुपारी जेवण झाल्यावर घर झोपलं की मी बैठकीच्या खोलीत दार लावून बसायचो. पाचशे विमानं मी धुळीला मिळवली. त्यातली दोनशे त्या म्हशीवर.

खरी गोम वळण्यात होती. विमान आपल्यापासून लांब जात असतं तेव्हा डावं ते डावं, उजवं ते उजवं. ते आपल्याकडे तोंड करून आलं की सगळं उलटं. मला तर कचेरीत समोर बसलेल्या माणसाचा डावा हात कोणता हेही पटकन सांगता येत नाही. अशाच एका दुपारी विमान माझ्याकडे यायला लागलं, मी घाबरून नको ते बटण दाबलं आणि ते थेट जनावराच्या अंगावर.

"अगं म्हशी!" मी ओरडलो. "सरक की बाजूला! नुसती चरतेय दिवसभर!"

दार उघडलं. दारात लुलवा. नुकतीच झोपेतून उठलेली, हातात खजुराची वाटी.

"बू सऊद," ती म्हणाली. (ती एरवी मला अहो म्हणते. बू सऊद, म्हणजे सऊदचा बाप, म्हणाली की समजावं, सऊदच्या बापाची आता धडगत नाही.) "कुणाला बोलत होता?"

"म्हशीला."

"ते ऐकलं मी."

"तुला नाही गं! ही, ही पडद्यावरची!"

तिनं पडदा बघितला. म्हैस बघितली. म्हशीच्या पाठीत खुपसलेलं विमान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता ही माहेरी फोन लावणार.

"तलालसारखं?" तिनं हळूच विचारलं.

"तलालपेक्षा बरं."

तिनं वाटी ठेवली आणि दार आतून लावून घेतलं. "पुन्हा उडवा," ती म्हणाली. "ह्या वेळी म्हशीला सोडून."

मला तेव्हा कळलं की ह्या घरात मिरच्या वाटल्या जाणारं पोट एकच नाही. हुस्सा लहानपणापासून हिची रिबीन, हिच्या बांगड्या, हिची खोली घेत आली होती, आणि आता तिचं नाव आकाशात फिरत होतं. त्या दिवसापासून दुपारी तीन वाजता केशराचा दुधाळ चहा माझ्यापुढे येऊ लागला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका विषयावर बोलत होतो.

वळण्याची युक्तीही तिनंच काढली. "डावं-उजवं सोडा," ती म्हणाली. "ते लाल गोदाम आहे ना, नाक त्याच्याकडे आलं की परत फिरवा. बस्स." आणि काय सांगू, जमलं! नाक गोदामाकडे, फिरव. नाक गोदामाकडे, फिरव. फेब्रुवारी संपेपर्यंत मी कोलांट्या मारत होतो. लुलवा टाळ्या वाजवायची. म्हैस निर्धास्त चरत होती.

आता राहिला प्रश्न विमानाचा. तलाल आपलं विमान माझ्या हातात देणं शक्य नव्हतं. माझ्या नजरेपासून वाचवायलाच तो ते चादरीत गुंडाळून ठेवायचा. पण आमच्याकडे एक रीत आहे. तुमच्या वस्तूची कुणी तोंडावर तारीफ केली की तुम्ही म्हणायचं, "घ्या, तुमचीच आहे." मग समोरच्यानं म्हणायचं, "छे छे, तुम्हालाच लाभो." दोघांनाही हे पाठ असतं. ह्या रीतीनं घोडे, बंदुका, गाड्या, घड्याळं सगळं देऊन झालेलं आहे, आणि एकही वस्तू जागची हललेली नाही.

शेवटचा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी तंबू काढायचे होते. मच्बूसचं, म्हणजे आमच्या मटणभाताचं, ताट आटोपलं होतं, सगळे बाहेर गालिच्यावर कॉफी घेत होते, आणि तलालनं नुकतंच विमान चादरीतून काढलं होतं. मी घसा साफ केला.

"तलाल, तुझं विमान फारच सुंदर आहे."

सासूबाईंच्या हातातलं खजुराचं ताट कललं. हुस्सानं ओढणी विमानावर धरली. काका म्हणाले, "अरे, याला कुणी आवरा."

"माशाल्लाह," मी म्हणालो.

सगळे थक्क. एकवीस वर्षांत त्यांनी तो शब्द माझ्या तोंडून ऐकला नव्हता. तलालला तर इतकं भरून आलं की तो छातीवर हात ठेवून उभाच राहिला. "बू सऊद, तुमच्यापुढं विमान काय चीज आहे! घ्या, तुमचंच."

"बरं, दे," मी म्हणालो.

अशी शांतता मी फक्त कचेरीत पगारवाढ मागितली तेव्हा ऐकली होती. जनरेटरसुद्धा हळू झाल्यासारखा वाटला. तलालचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून तलाल निघून गेला. त्यानं काकांकडे बघितलं. काकांनी कॉफीच्या कपात बघितलं. चारचौघांत दिलेला शब्द परत कसा घेणार? तलालनं रिमोट माझ्या हातात ठेवला, आणि त्याची बोटं रिमोटवरून जरा उशिरानं सुटली.

लुलवा माझ्या मागं येऊन उभी राहिली. "गोदाम?" ती कुजबुजली.

खरंच की! वाळवंट चारी बाजूंनी सपाट, घडी न पडलेल्या चादरीसारखं. ना कुरण, ना म्हैस, ना गोदाम. तेवढ्यात डावीकडे मला लाल रंग दिसला. पाण्याचा टँकर! बाजूच्या तंबूच्या टाकीत पाणी सोडत उभा होता, लालभडक, अगदी गोदामाच्याच जागी. देव असतो तो असा.

मी अंगठा हलवला. विमान धावलं, उचललं गेलं आणि वर चढलं. नाक टँकरकडे, फिरव. नाक टँकरकडे, फिरव. मग एक कोलांटी मारली. गालिच्यावरून एकच आवाज उठला, "माशाल्लाह!" काकांची कडी पुन्हा वाळूत. सासूबाई तोंडावर हात ठेवून. हुस्सा तलालकडे बघतेय, तलाल वर बघतोय. आणि मीही वर बघत होतो. निळ्या आभाळात ते पांढरंशुभ्र विमान, पोटावर लाल पट्टा. माझ्या पोटात जुन्या सवयीनं मिरच्या वाटल्या जाऊ लागल्या. मनात आलं, काय नशीबवान आहे लेकाचा, ज्याचं हे विमान आहे!

तेवढ्यात वारा सुटला. हा फुकटचा होता. विमान वाकडं झालं, मी सावरलं, नाक टँकरकडे केलं, फिरवणार, तर नाक अजून टँकरकडे पुरतं आलंच नव्हतं. मी आणखी नेलं. तरी येईना. गोदाम लांब कसं जातंय, हे मला काही केल्या समजेना. (तीन महिन्यांत माझं गोदाम एकदाही हललं नव्हतं.)

"मुसाअद," काका म्हणाले, "कुठं नेतोयस?"

"वळण घेतोय काका."

"वळण काय पार सरहद्दीवर सालमीला जाऊन घेणार?"

टँकरवाला गुलबाज खान पाणी सोडून निघाला होता. त्यानं आरशात बघितलं, तर मागं आभाळातून काहीतरी पांढरं पाठलाग करतंय. त्यानं वेग वाढवला. गोदाम पळतंय बघून मीही वेग वाढवला. त्यानं आणखी वाढवला. धुळीचा लोट उठला, लोटाच्या पुढं टँकर, लोटाच्या वर विमान, आणि इकडे माझ्या कानापाशी लुलवा ओरडतेय, "अहो फिरवा! आता फिरवा!"

"गोदाम थांबू दे की!"

गोदाम थांबलं. गुलबाजनं जिवाच्या भीतीनं करकचून ब्रेक मारला. लांबून एक बारीकसा ‘टण्ण’ ऐकू आला. माझा अंगठा रिमोटवर नव्या विमानाचं बटण शोधत राहिला.

थोड्या वेळानं गुलबाज स्वतःच विमान घेऊन आला, तान्हं मूल धरावं तसं दोन्ही हातांवर. एक पंख अर्धा. ज्या अर्ध्यावर ‘हुस्सा’ लिहिलं होतं तो टँकरच्या शिडीत राहिला होता. "साहेब, मी काही नाही केलं," तो म्हणाला. "हेच माझ्या मागं लागलं होतं." विमान गालिच्यावर ठेवलं. रिमोट हलवला. पंखा फिरेना.

आणि तेव्हा मला आयुष्यातला सर्वांत गोड विचार सुचला.

"तलालची नजर लागली!" मी म्हणालो.

सगळे तलालकडे वळले. आणि पटण्यासारखंच होतं ना! हातची वस्तू गेली, मन तिच्यातच राहिलं, डोळे तिच्यावर. तलालचा चेहरा लाल झाला. मला तर नाचावंसं वाटलं. विमान गेलं खड्ड्यात, पण तलाल माझ्यावर जळला! सरळ दातांचा, विमानतळावरचा तलाल, माझ्यावर!

"उतारा करा," मी म्हणालो. "काका, न्याय सगळ्यांना सारखा."

तलाल बिचारा भला. एका शब्दानं वाद न घालता त्यानं कॉफी मागवली, अर्धी प्यायला आणि कप सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी ती विमानावर शिंपडली. मी रिमोट हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. नाही म्हणजे नाही.

सासूबाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं. "जावईबापू, विमान वर असताना तुम्ही माशाल्लाह म्हणालात?"

"आधी म्हणालो होतो की. सगळ्यांदेखत."

"ते तलालचं असताना. तुमचं झाल्यावर?"

मी रिमोट गालिच्यावर ठेवला. सासूबाई उठल्या, बर्फाच्या पेटीतून ती बाटली आणली, (ती त्या तंबूतही आणतात!) बूच काढलं आणि माझ्या नावाची कॉफी विमानाच्या नाकावर दोनदा झटकली. दुसऱ्यांदा बाटली नाकावर जरा आपटलीही. कुणीतरी रिमोट हलवला.

भुर्र.

पंखा फिरायला लागला. कॉफीचे शिंतोडे माझ्या पांढऱ्या झग्यावर उडाले.

"सैल झालेली तार आपटून बसली असेल!" मी ओरडलो. कुणी ऐकायला तयार नव्हतं. गुलबाज खानसुद्धा दोन पावलं मागं सरकला होता. काका माझ्याकडे असे बघत होते, जसे आजवर फक्त टीव्हीकडे बघत आले होते.

"अरे," ते शेवटी म्हणाले, "दुसऱ्याच्या वस्तूला नजर लावणारे पुष्कळ पाहिले. स्वतःच्याच?"

म्हणजे अखेर कुणीतरी माझ्यावर जळलं होतं. मीच.

मी विमान उचललं आणि तलालपुढं धरलं. "घे बाबा, तुझंच आहे."

तलालनं छातीवर हात ठेवला, सरळ दात दाखवले आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "छे छे, बू सऊद, तुम्हालाच लाभो."

ते दीड पंखाचं विमान आता आमच्या बैठकीत खिळ्याला टांगलेलं आहे. लुलवानं उरलेल्या पंखावर स्वतःचं नाव लिहून घेतलं, आणि मला सक्त ताकीद दिली, की ह्यापुढं घरातल्या कुठल्याही वस्तूकडे बघितलं की आधी माशाल्लाह. मी म्हणतो. फ्रीजला म्हणतो, गाडीला म्हणतो, गॅसच्या सिलिंडरलाही म्हणतो. परवा दाढी करून झाल्यावर आरशात बघितलं, आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "माशाल्लाह!"

लुलवा दारात टॉवेल घेऊन उभी होती.

"अहो, तिथं नाही म्हटलं तरी चालेल," ती म्हणाली. "तिथं नजर लागण्यासारखं काही नाही."